लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल आणि रिव्हॉल्व्हर, काडतूस एकच: .३५७ घ्यावं की .४४? (ओहायो)

आंबेघाट:
नमस्कार मंडळी. ओहायोत हरणाच्या शिकारीसाठी लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल (हाताखालची दांडी खाली-वर करून काडतूस चढवायची) आणि त्याच काडतुसाचं रिव्हॉल्व्हर अशी जोडी घ्यायची आहे. अंतर साधारण ६०-७० यार्ड, फार तर १००. बाकी वर्षभर रेंजवर कागद आणि लोखंडी पाट्या. बायकोही चालवणार आहे, त्यामुळे दणका बेताचा हवा. घरी काडतुसं भरत नाही, दुकानातलीच वापरणार. डोक्यात .३५७ मॅग्नम, .४४ मॅग्नम आणि .४५ कोल्ट आहेत. दुकानदार म्हणतो, "एकच डबा घ्या, दोन्हीत चालतो." खरंच चालतो का? रायफल रॉसी, हेन्री की मार्लिन? रिव्हॉल्व्हर म्हणून रुगर जीपी-१००, ४.२ इंची नळीचं, जवळपास ठरलंय. ग्रीन कार्ड आहे.

रानमोड:
४.२ इंची घेऊ नका. ओहायोत हरणासाठी हँडगनची नळी किमान ५ इंच लागते आणि काडतूस सरळ भिंतीचं (म्हणजे त्याचं पितळी कवच, केस, तोंडाशी निमुळतं न होणारं), .३५७ किंवा त्याहून मोठं. म्हणजे जीपी-१०० घ्यायचं तर ६ इंची, स्मिथ अँड वेसन ६८६ घ्यायचं तर तेही ६ इंची, सिंगल अ‍ॅक्शन (दर वेळी घोडा हाताने चढवायचा) चालत असेल तर रुगर ब्लॅकहॉक ६.५ इंची. रिव्हॉल्व्हरची नळी मोजताना सिलिंडर धरत नाहीत. सरळ भिंतीच्या काडतुसांच्या रायफली ओहायोत हरणासाठी २०१४ पासून चालतात, पण चेंबर आणि मॅगझिन मिळून तीनच काडतुसं भरायची. मॅगझिनच्या नळीत दहा मावतात म्हणून दहा भरून रानात गेलात तर दंड. दर हंगामाची नियमपुस्तिका नव्याने वाचा.

पितळी_केस:
दुकानदाराचं म्हणणं अर्धं खरं आहे. काडतूस दोन्हीत बसतं, पण जोडीत खाण्याचे नखरे करते ती रायफल. रिव्हॉल्व्हरला गोळीच्या आकाराशी फारसं देणंघेणं नसतं, कारण तुम्ही हाताने चेंबरमध्ये टाकता. रायफलीत मात्र काडतूस मॅगझिनमधून मागे येतं, कॅरियरवर (काडतूस वर उचलणाऱ्या भागावर) चढतं आणि मग चेंबरमध्ये शिरतं. त्यामुळे आधी रायफल, मग तिला पचणारं काडतूस, आणि ते रिव्हॉल्व्हरमधून कुठे लागतं ते शेवटी, असा क्रम ठेवा.

तुमच्या कामाला .३५७. एकच डबा हवा असेल तर १५८ ग्रेन वजनाची, चपट्या नाकाची किंवा मऊ टोकाची जॅकेट असलेली गोळी. ही ४ इंची नळीतून सेकंदाला सुमारे १२३५ फूट जाते आणि १८-२० इंची नळीतून १७५०च्या आसपास. ऊर्जा जवळजवळ दुप्पट, ५३५ वरून १०७० फूट-पौंड. हा फायदा मॅग्नमलाच, कारण तिच्यातली दारू सावकाश जळते आणि लांब नळी तिला वेळ देते. .३५७ च्याच बंदुकीत चालणाऱ्या आखूड, हलक्या .३८ स्पेशलची दारू पहिल्या काही इंचांतच संपते, पुढची नळी नुसतं घर्षण.

१२५ ग्रेनची होलो पॉइंट (टोकाला पोकळ गोळी) रायफलीत हरणावर नको. ती हँडगनच्या वेगासाठी बनवलेली असते. रायफलीतून ती २००० फुटांच्या वर जाते आणि खांद्याच्या हाडावर फुटून वरवर विखुरते.

टोकदार गोळी तर नळीच्या मॅगझिनमध्ये अजिबात नाही. पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर मागच्या गोळीचं टोक टेकलेलं असतं, दणका बसला की ठिणगी तिथेच. हॉर्नाडीची लिव्हरेव्होल्यूशन तेवढी अपवाद, तिचं टोक मऊ पॉलिमरचं आहे.

सिनसिनाटीकर:
.४४ ला इतक्या लवकर बाद करू नका. २४० ग्रेनची गोळी रायफलीतून १७०० च्या वर जाते, भोक मोठं पाडते, १०० यार्डांवर चूक थोडी जास्त माफ करते. सात पौंडी रायफलीत दणका खांद्याला सहज झेपतो. अडचण रिव्हॉल्व्हरमध्ये आहे: पूर्ण ताकदीची .४४ सलग तीस-चाळीस मारली की नवशिका नेम धरण्याऐवजी आवाजाची वाट बघत डोळे मिटायला लागतो. हलकं म्हणून .४४ स्पेशल चालतं, पण ते .३८ च्या मानाने महाग आणि कमी दुकानांत मिळतं. भरत नसाल तर हा मुद्दा मोठा.

जुनी मार्लिन १८९४ .४४ मध्ये सापडली तर नळीच्या आतल्या, गोळीला गिरकी देणाऱ्या खाचांचा पीळ पाहा. ३८ इंचांत एक फेरा असेल तर २४० ग्रेन उत्तम, ३०० ग्रेनची गोळी मात्र नीट स्थिर होत नाही. २०२० मध्ये मार्लिन रुगरने घेतली, त्यानंतरच्या .४४ ला पीळ २० इंचांत एक आहे.

घोडा_अर्धा:
.४५ कोल्टबद्दल दोन शब्द, कारण लोकांना वाटतं ती जुनी पाश्चात्त्य जोडी. ती नव्हे. १८७३ ची विंचेस्टर रायफल .४४-४० मध्ये होती आणि खरी जोडी जमली ती कोल्टने रिव्हॉल्व्हर त्याच .४४-४० मध्ये काढलं तेव्हा. .४५ कोल्टच्या जुन्या केसची कड इतकी बारीक होती की रायफलीच्या एक्स्ट्रॅक्टरला (केस बाहेर ओढणाऱ्या आकड्याला) पकडायला काही नव्हतं. आजच्या केसला कडेजवळ खाच असते म्हणून आजच्या रायफली चालतात. .४५ कोल्टचा ठरलेला दाब १४,००० पीएसआय, .३५७ चा ३५,०००. डब्यावर "फक्त रुगरसाठी" असं काही लिहिलेली तगडी .४५ मिळते. ती ब्लॅकहॉकमध्ये ठीक, पण इटालियन सिंगल अ‍ॅक्शनमध्ये किंवा १८७३ च्या प्रतिकृतीत घातली तर रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर किंवा रायफलीचं टॉगल (चेंबर बंद धरणारी जोडणी) जाईल. घरात दोघं चालवणार आणि डबे एकाच कपाटात, तर ही गोंधळाची सोय कशाला?

आंबेघाट:
मग .३५७ नक्की. रेंजवर .३८ वापरावी का? आणि रायफल कुठली?

पितळी_केस:
.३८ वापरा, पण तीन गोष्टी.

एक, .३८ ची केस १.१५५ इंच, .३५७ ची १.२९०. चेंबरच्या त्या मोकळ्या पट्टीत शिसं आणि काजळी साचून कडं तयार होतं. शंभर-दोनशे .३८ मारून लगेच .३५७ टाकली की ती पूर्ण आत जात नाही, किंवा मारल्यावर केस अडकते आणि बाहेर काढायला इजेक्टरवर हात आपटावा लागतो. उपाय साधा: .४० कॅलिबरचा ब्राँझ ब्रश सॉल्व्हंटमध्ये बुडवून प्रत्येक चेंबरमध्ये आठ-दहा वेळा फिरवायचा, दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा फिरवायचा. रायफलीच्या चेंबरलाही हेच, फक्त तिथे वाकणारी दांडी लागते. एकाच दिवशी दोन्ही मारायच्या असतील तर .३५७ आधी.

दोन, आखूड काडतूस प्रत्येक लिव्हर गनला पचत नाही. १८७३ च्या धाटणीत कॅरियर हा आख्खा ठोकळा असतो, काडतूस घेऊन सरळ वर जातो. काडतूस फार आखूड असेल तर मागून दुसरं अर्धवट आत घुसतं आणि ठोकळा अडतो. केसच्या तोंडाशी सपाट कापलेली वॉडकटर रायफलीत विसराच. धारदार खांद्याची सेमी-वॉडकटर रॉसीसारख्या १८९२ धाटणीत चेंबरच्या काठाला अडखळते. गोल-चपट्या नाकाची १५८ ग्रेन शिशाची .३८ बहुतेक ठिकाणी सुरळीत जाते.

तीन, फार मंद .३८ आणि तीही जॅकेटवाली २० इंची नळीत घालू नका, गोळी मध्येच थांबू शकते. "फट्" ऐवजी "फुस्स" ऐकू आलं की लिव्हर ओढायची नाही. अर्धा मिनिट तोंड सुरक्षित दिशेला, मग रायफल रिकामी करून नळीत दांडी घालून पाहायचं. हँडगनमध्येही नियम तोच.

रानमोड:
रायफलीचं थोडक्यात. रॉसी आर९२ स्वस्त आणि मजबूत, पण नवी असताना खडबडीत: लोडिंग गेटची (काडतूस आत ढकलायच्या बाजूच्या झडपेची) धार अंगठा सोलते, इजेक्टरची स्प्रिंग गरजेपेक्षा कडक. दोन्ही गोष्टी एका दुपारच्या कामात सुधारतात. केस वर फेकते, त्यामुळे दुर्बीण नेहमीसारखी वर बसत नाही. मार्लिन १८९४ केस बाजूला फेकते, वरचा भाग सलग, दुर्बिणीला सगळ्यात सोयीची. जुनी घेतलीत तर कॅरियर तपासा. लिव्हरच्या घर्षणाने तो झिजतो, मग एकाऐवजी दीड काडतूस बाहेर येतं आणि सगळं जाम होतं. हेन्री बिग बॉय सगळ्यात गुळगुळीत. पुढून पितळी नळी ओढून भरायची, आणि रिकामी करताना काडतुसं चेंबरमधून फिरवावी लागत नाहीत, नळी काढून ओतली की झालं. नवशिक्या माणसासोबत हा फायदा मोठा आहे. बाजूचं गेट हवं असेल तर तसा प्रकारही मिळतो. तुमच्या वर्णनाला मी हेन्री म्हणेन, दुर्बीण नक्की लावणार असाल तर मार्लिन.

शिशाचा_गोळा:
दुकानात बघताना डमी काडतुसं मागा, .३५७ ची पाच-सहा. आधी लिव्हर हळू, मग जोरात आणि शेवटपर्यंत. लिव्हर-अ‍ॅक्शनला हळुवारपणा मानवत नाही. निम्म्या वेळा जाम होतं ते अर्धवट ओढलेल्या लिव्हरमुळे.

रिव्हॉल्व्हरला विचारून घोडा अगदी सावकाश मागे ओढा, सहाही चेंबरवर. घोडा पूर्ण चढण्याआधी सिलिंडर "टक्" करून बसला पाहिजे. नळी आणि सिलिंडरमधली फट फीलर गेजने (ठरलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा: .००४ ते .००८ इंच ठीक, .०१० च्या वर असेल तर दुसरं दाखवा म्हणा. सिलिंडर पुढे-मागे हलवून पाहा, जाणवेल इतकं हलू नये.

त्याच फटीचं आणखी एक. रायफलीची सवय म्हणून डावा हात नळीखाली पुढे जातो. रिव्हॉल्व्हरमध्ये तो हात फटीजवळ गेला तर गरम वायू आणि शिशाचे कण बोट कापतात. डावा हात उजव्यावर, सिलिंडरच्या मागेच.

ताई_क्लीव्हलंड:
पाट्यांवर मॅग्नम आणि रायफल एकत्र नको. हँडगनसाठीच्या पाटीवर १७५० च्या वेगाची गोळी खड्डा पाडते आणि मग त्या खड्ड्यातून तुकडे उलट येतात. पाटीवर .३८ शिशाचीच, अंतर रेंजने सांगितलेलं, चष्मा दोघांनाही. आणि छताखालच्या रेंजवर ६ इंची मॅग्नमला कानात बोळे आणि वरून मफ, दोन्ही.

कागदी_काम:
ग्रीन कार्ड असेल तर बंदूक खरेदीच्या सरकारी फॉर्म ४४७३ वर एलियन नंबर लागतो, कार्ड सोबत न्या. हँडगन स्वतःच्या राज्यातल्या डीलरकडूनच, वय २१, रायफलला १८. धागा वाचणाऱ्या एच-१बी, एच-४ मंडळींना: नॉनइमिग्रंट व्हिसावर असाल तर केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायलाच बंदी आहे, वैध शिकार परवाना हा त्यातला नेहमीचा अपवाद. परवाना संपला की अपवादही संपला. दुसऱ्याच्या पैशाने दुसऱ्यासाठी आपल्या नावावर घेणं गुन्हा आहे, नवरा-बायको असले तरी.

भारतात अशी जोडी जमवायची म्हणणाऱ्यांना: २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच शस्त्रं, म्हणजे सगळा कोटा इथेच संपला.

आंबेघाट:
भारी माहिती. हेन्री २० इंची आणि ६८६ सहा इंची, १५८ ग्रेन मऊ टोक. शेवटचं: गोळी केसमध्ये सरकते म्हणतात ते दुकानातल्या काडतुसातही होतं का? आणि रायफलीचा नेम किती यार्डांवर बांधू?

पितळी_केस:
होतं, आणि गंमत म्हणजे दोन्हीत उलट दिशेने. रिव्हॉल्व्हरमध्ये दणक्याने केस मागे जाते, गोळी जागच्या जागी राहते, म्हणजे हळूहळू बाहेर येते आणि सिलिंडर फिरायचं थांबतं. रायफलीत मॅगझिनची स्प्रिंग आणि दणका मिळून गोळी आत दाबतात, दाब वाढतो. म्हणून गोळीच्या खाचेत केसचं तोंड नीट दुमडलेलं असलेलीच काडतुसं घ्या. परीक्षा: रिव्हॉल्व्हरमध्ये पाच मारा, सहावं काढून कॅलिपरने मोजा. रायफलीत तीन भरा, दोन मारा, तिसरं मोजा. आधीच्या मापापेक्षा फरक दिसला तर तो डबा शिकारीला नको.

नेम ७५ यार्डांवर बांधा, १५८ ग्रेन मॅग्नमने. ५० वर साधारण अर्धा इंच वर, १०० वर दीड-दोन इंच खाली, म्हणजे हरणाच्या छातीवर दुरुस्ती लागत नाही. १५० वर मात्र दहा इंचांनी पडते, तिथे मारूच नका. त्याच नेमावर .३८ पन्नास यार्डांवर मॅग्नमपेक्षा तीन-साडेतीन इंच खाली लागेल. त्यासाठी नेमाची माशी (साइट) हलवू नका, कागदावर तेवढं वर धरा.