क्लायंटची कागदपत्रं व्हॉट्सअ‍ॅपवर: बंद करायची की नाही?

हिशेबनीस_पुणे
आमचं करसल्ल्याचं छोटं ऑफिस. सात जण, त्यातले चौघं घरून काम करतात. गेल्या जुलैत एका पार्टीचा फॉर्म १६ आणि पॅन चुकून दुसऱ्याच पार्टीला गेला. आडनावं सारखी, घाई होती. ‘सगळ्यांसाठी डिलीट’ करेपर्यंत निळ्या टिका उमटल्या होत्या. त्या पार्टीला फोन करून सांगताना माझा घसा कोरडा पडला. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: व्हॉट्सअ‍ॅप पूर्ण बंद. गूगल ड्राइव्हवर प्रत्येक पार्टीचं फोल्डर, ज्याचं काम त्यालाच प्रवेश. एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्शन २०१६ पासून आहे, मान्य. पण ते वाटेतल्या फाइलला सांभाळतं. फोनवर उतरल्यावर ते आधार कार्ड घरातल्या फोटोंच्या शेजारी गॅलरीत जाऊन बसतं, आणि तो फोन संध्याकाळी मुलांच्या हातात असतो.

वाळव्याची_लेक
दादा, मी अशाच एका ऑफिसचं काम इस्लामपुरातून करते आणि माझा बंदीला विरोध आहे. आमच्या पार्ट्या पोल्ट्रीवाले, कापड दुकानदार. ते बिलाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरच टाकणार. आमच्याकडेही ड्राइव्ह आला होता. जुलैअखेर, रात्री साडेदहा, मी ‘प्रवेशाची विनंती’ पाठवून बसलेय आणि साहेब फोन उचलत नाहीत. असं चार-पाच वेळा झाल्यावर कुणीतरी वैतागून मुख्य फोल्डरच ‘लिंक असलेल्या कोणालाही’ असं करून टाकलं. दोन वर्षं ते तसंच उघडं होतं! व्हॉट्सअ‍ॅपवरच्या चुकीत एका माणसाची फाइल जाते, इथे सगळ्या पार्ट्यांचा संसार रस्त्यावर होता.

नेटवर्कवाला
ताईंचा अनुभव खरा आहे, मी अशी फोल्डरं बंद करून दिली आहेत. पण तेवढ्यावरून व्हॉट्सअ‍ॅप बरं ठरत नाही. ‘पीडीएफला पासवर्ड आहे’ असं सगळे म्हणतात, म्हणून सांगतो. ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. एआयएसचा, म्हणजे आयकर खात्याकडच्या वर्षभराच्या व्यवहारांच्या पत्रकाचा, पासवर्ड म्हणजे पॅन आणि जन्मतारीख. पॅन कार्डाच्या एका फोटोत दोन्ही कुलपांच्या किल्ल्या आल्या, आणि तो फोटो त्याच ग्रुपवर असतो. आणखी एक: फाइल कुणाच्या खाजगी जीमेलवर आहे ते बघा. तो माणूस नोकरी सोडतो तेव्हा फाइलची मालकी त्याच्याचकडे राहते. ऑफिसच्या सशुल्क खात्यातल्या शेअर्ड ड्राइव्हवर ती ऑफिसची असते. त्यावर दोन टप्प्यांची पडताळणी सक्तीची करा.

स्वतःचाच_सर्व्हर
परक्याच्या ढगात, म्हणजे क्लाउडवर, ठेवायचंच कशाला? ऑफिसात नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडलेला फाइल साठवायचा स्वतःचा डबा, बसवा आणि बाहेरून व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरच्या सुरक्षित खाजगी वाटेने, या.

नेटवर्कवाला
अपडेट कोण करणार? २०२३ मध्ये मूव्हइट या खास फाइल पाठवण्याच्या सॉफ्टवेअरमधल्या एका भगदाडातून जगभरच्या मोठमोठ्या संस्थांचा डेटा गेला. त्यांच्याकडे माणसं होती. सात जणांच्या ऑफिसात कोण आहे?

हिशेबनीस_पुणे
ताई, तुमचं एक पटलं. पार्टीकडून आमच्याकडे येणारं व्हॉट्सअ‍ॅप थांबणार नाही. ते ऑफिसच्या एकाच फोनवर घेऊ, त्याच दिवशी फोल्डरात टाकू आणि फोनवरून काढू. पण आपसात पाठवणं बंदच. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. आमच्यासारख्याला किती लागेल हा पुढचा प्रश्न, पण जबाबदारी पाठवणाऱ्या मुलीची नाही, माझी आहे.

वाळव्याची_लेक
मग दादा, बंदीच्या आधी हे लिहून काढा: जुलैत रात्री अकरापर्यंत प्रवेश कोण देणार, आणि तो आजारी पडला तर दुसरं कोण. ती दोन नावं भिंतीवर लागू द्या, मी स्वतः व्हॉट्सअ‍ॅप सोडते.