विषय: गेकोच्या लाकडी पेटीला आतून काय लावावं?

नमस्कार मंडळी,

मुलीसाठी क्रेस्टेड गेको आणायचं ठरलंय. (हो, पालच. आईला अजून सांगितलेलं नाही.) पेटी मीच करतोय. १८ मिमी प्लाय, उंची ९० सेंमी, पुढे सरकत्या काचा. फळ्या कापून झाल्यात, जोडायच्या बाकी आहेत. रोज रात्री फवारा मारायचा, आर्द्रता ६० ते ८० टक्के ठेवायची, म्हणजे लाकडाचं काही खरं नाही. वॉर्निश लावू की एपॉक्सी (दोन भाग कालवून लावायचा राळेचा लेप)? आणि वासाचा प्राण्याला त्रास होणार नाही ना? घरात रोज "कधी आणायचा?" चालू आहे, त्यामुळे लवकर वाळणारं असेल तर बरं.

---

जोडायचं बाकी आहे हे उत्तम. काय लावायचं ते नंतर, आधी पाणी कुठून शिरतं ते बघा. प्लायच्या सपाट अंगातून सहसा शिरत नाही. शिरतं ते कापलेल्या कडेतून, स्क्रूच्या आणि वायरीच्या भोकांतून. म्हणून जाळीची खिडकी, वायर, काचेचा ट्रॅक, जी काही भोकं पाडायची ती सगळी आत्ताच पाडा. वॉर्निश झाल्यावर पाडलेलं एक भोकही आतलं लाकूड उघडं करतं.

कडांना वॉर्निशचा पहिला हात थोडा पातळ करून द्या. पाच-दहा मिनिटांत कड पुन्हा कोरडी ठक्क दिसेल, म्हणजे प्यायली सगळं. चमक टिकेपर्यंत देत राहा. गोंद लागणार ती जागा मात्र टेप लावून कोरी ठेवा, वॉर्निशवर गोंद धरत नाही.

बाकीच्या फळीला पाण्यावरचं पॉलियुरेथेन (पाण्याने पातळ होणारं वॉर्निश) पुरे. आधी १२०, मग १८०, मग २२० नंबरचा पॉलिशपेपर, धूळ ओलसर फडक्याने टिपायची. डबा हलवायचा नाही, ढवळायचा. हलवला की बुडबुडे येतात आणि तसेच वाळतात. तीन-चार हात, मध्ये ३२० ने हलकंसं घासून. आणि बाहेरूनही द्या. नुसतं आतून दिलं तर फळी एका बाजूने दमट हवा ओढते, वाकते, आणि काच सरकेनाशी होते.

---

काका, बाकी सगळं पटलं, पण तळाला पॉलियुरेथेन नको. ते शिंतोडे झेलतं, साचलेलं पाणी नाही. ओल्या मातीखाली तळ कधीच वाळत नाही, आणि पेटी कुजते ती तिथूनच. तळ आणि भिंतींचा खालचा १५ सेंमी पट्टा एपॉक्सीने करा, तोही आधी, कोऱ्या लाकडावर. प्रमाण डब्यावर असेल तेच, अंदाजपंचे नाही. कमी-जास्त झालं तर चिकटच राहतं. एका वेळी थोडंच कालवा, भांड्यात ठेवलं तर तापतं. हातमोजे हवेतच. वाळल्यावर कधी कधी वर मेणचट थर येतो, तो साबणाच्या पाण्याने धुऊन, घासून मगच पुढचा हात.

---

ताई, धन्यवाद. सांध्यांत भरायचं सिलिकॉन या लेपांच्या आधी की नंतर? बाथरूमचं उरलेलं आहे, चालेल का?

---

नंतर, सगळ्यात शेवटी. सिलिकॉनवर रंग, वॉर्निश काहीच धरत नाही. बाथरूमच्यात बहुधा बुरशीनाशक असतं, ते नको. मत्स्यटाकीचं आणा. त्याला आंबूस वास येतो, व्हिनेगरसारखा, कारण क्युअर होताना, म्हणजे आतपर्यंत पक्कं होताना, अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड सुटतं. काही दिवसांत जातो. सांध्यात भरून ओल्या बोटाने एकाच दमात ओढा. थांबलात की तिथे गाठ राहते.

---

वासाचं राहिलं. वाळणं आणि क्युअर होणं वेगळं. पाण्यावरचं पॉलियुरेथेन दोन तासांत हाताला कोरडं लागतं, पण पूर्ण क्युअर व्हायला तीन-चार आठवडे धरा. इथे घाई नको. काचा उघड्या ठेवून पेटी हवेशीर जागी ठेवा. मग दिवे लावून दिवसभर बंद ठेवा आणि संध्याकाळी काच सरकवून आत नाक घाला. जरासा जरी वास आला तरी अजून आठवडा. वास गेला तरी डब्यावर लिहिलेली मुदत पुरी करायचीच.

आत देवदाराच्या फांद्या घालू नका, त्यातली तेलं सरड्या-पालींना बाधतात. आणि जाळी एका बाजूला खाली, दुसऱ्या बाजूला वर ठेवा, म्हणजे हवा खेळेल आणि रात्रीची ओल दिवसा उतरेल. सतत ओलं राहिलं तर कुठलाही लेप बुरशी थांबवणार नाही.

तोवर मुलीला रिकाम्या पेटीत थर्मामीटर आणि हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं) लावून रोजचे आकडे लिहायला सांगा. २२ ते २६ अंश हवेत. २८ च्या वर जात असेल तर प्राणी यायच्या आधी दिवा बदलावा लागेल.