उत्तर: टेक्सासच्या शाळा मंडळाने आमदारांकडे काय मागावं?

‘प्रति विद्यार्थी रक्कम वाढवा’ एवढंच मागावं, हे मत अपुरं वाटतं. राज्याकडून शाळांना प्रत्येक विद्यार्थ्यामागे मिळणारी ही मूळ रक्कम २०१९पासून ६,१६० डॉलर होती. २०२५मध्ये अवघ्या ५५ डॉलरने वाढली. खरी गळती हजेरीत आहे. तिथे निधी पटावर नव्हे, सरासरी दैनिक उपस्थितीवर मिळतो. पट १,००० आणि उपस्थिती ९२ टक्के असेल तर ८० मुलांचे, म्हणजे जवळपास ५ लाख डॉलर बुडतात. शिक्षक आणि बस मात्र हजार मुलांच्या हिशेबानेच ठेवाव्या लागतात. म्हणून पटावर आधारित निधी हीच पहिली मागणी हवी.

आणि या मागणीचा मंडळाचा ठराव ऑक्टोबरपर्यंत कराच. टेक्सास विधिमंडळाचं नियमित अधिवेशन विषम वर्षी, जानेवारीपासून जेमतेम १४० दिवस चालतं. विधेयकं आधीच्या नोव्हेंबरपासून दाखल होऊ लागतात आणि अधिवेशनाच्या साठाव्या दिवसानंतर बहुतेक नवी विधेयकं दाखल करण्याची वाट बंद होते.