शब्दचर्चा: ‘गॉथिक’ म्हणजे नेमके कोणते?

प्रश्न:
मुद्रणाच्या इतिहासावरील एका इंग्रजी लेखाचे भाषांतर करताना ‘गॉथिक’ या शब्दापाशी माझे घोडे अडले आहे. लेखाच्या पूर्वार्धात जर्मन मुद्रक गुटेनबर्गच्या बायबलाचे दाट, कोनदार, काळेभोर अक्षर ‘गॉथिक’ ठरते. उत्तरार्धात मात्र ‘फ्रँकलिन गॉथिक’ हे १९०२ सालचे, टोकांना शेपट्या नसलेले अगदी साधे अक्षरही ‘गॉथिक’च म्हटले जाते. दोहोंसाठी वेगळे मराठी शब्द आहेत काय?

प्रतिसाद १:
माझे वडील छापखान्यात खिळे जुळवण्याचे काम करीत. इंग्रजी पत्रिकेसाठी गिऱ्हाइकाने ‘गॉथिक’ मागितले, की ते काही न बोलता नमुन्यांचे पुस्तक पुढे करीत आणि बोट ठेवून घेत. अमेरिकेत शेपट्या नसलेल्या अक्षराला हे नाव पडले आणि जपानी छपाईत तर ‘गोशिक्कु’ म्हणजे आजही तेच. शब्दावर विसंबू नये, नमुना छापावा.

प्रतिसाद २:
पहिल्यास ‘कोनाक्षर’ आणि दुसऱ्यास ‘सरलाक्षर’ म्हणावे. परकी नावे जशीच्या तशी उचलण्याच्या सवयीमुळेच हा घोटाळा होतो.

प्रतिसाद ३:
‘कोनाक्षर’ कोणत्या छापखान्यात कोणी ऐकले आहे? शिवाय आपण तिसरा अर्थ विसरलात. चौथ्या शतकात वुल्फिला या बिशपाने बायबल गॉथ या प्राचीन जर्मानिक लोकांच्या भाषेत आणताना मुख्यत्वे ग्रीकवरून एक लिपी बेतली. जांभळ्या चर्मपत्रावर चांदीच्या शाईने लिहिलेले तिचे प्रसिद्ध हस्तलिखित स्वीडनमध्ये उप्साला येथे आहे. खरी गॉथिक लिपी ती, आणि तिचा वरील दोन्ही अक्षरांशी काडीचाही संबंध नाही.

प्रतिसाद ४:
गॉथांचा संबंध ‘गॉथिक’ म्हटल्या जाणाऱ्या इमारतींशीही नाही. त्यांनी रोम लुटले ४१० साली. पॅरिसजवळच्या सँ-दनीच्या मठातील ज्या बांधकामापासून ही शैली सुरू झाली असे मानतात, ते पुरे झाले ११४४ साली. मधल्या सातशे वर्षांचे काय? प्रबोधनकाळातील इटालियनांना रोमन पद्धतीचे तेवढेच सुंदर वाटे, म्हणून मधल्या काळातील टोकदार कमानींचे खापर त्यांनी रोम बुडवणाऱ्यांच्या माथी फोडले. कलावंतांची चरित्रे लिहिणाऱ्या वासारीने १५५० साली हेच केले. आपल्याकडे ‘मोगलाई लागून गेली आहे काय?’ असे आपण दरडावतो, तेव्हा दिल्लीच्या तख्ताचा इतिहास कोण तपासतो? आणि तोच शब्द खानावळीच्या पाटीवर आला की तोंडाला पाणी सुटते. ‘गॉथिक’चेही असेच झाले: शिवी म्हणून आला आणि बिरुद होऊन बसला. म्हणून त्याचे भाषांतर करू नये, असे माझे मत आहे.

प्रतिसाद २ (पुन्हा):
‘मोगलाई’ हा आपल्या अनुभवातून घडलेला शब्द आहे. ‘गॉथिक’ ही उसनवारी आहे. ही तुलना मला मान्य नाही.

प्रतिसाद ५:
‘गॉथिक कादंबरी’चे भाषांतर ‘भयकथा’ असे सर्रास होते, तेही तपासावे. इंग्रज लेखक होरेस वॉलपोलने आपल्या कादंबरीच्या १७६५ सालच्या दुसऱ्या आवृत्तीला ‘अ गॉथिक स्टोरी’ हे उपशीर्षक जोडले, तेव्हा त्याचा रोख मध्ययुगीनतेवर होता. भुताखेतांचा अर्थ अशा कादंबऱ्यांतल्या पडक्या गढ्यांमधून मागाहून चिकटला आणि काळे कपडे घालणारी ‘गॉथ’ मुले तर विसाव्या शतकाच्या अखेरची.

प्रतिसाद ६:
एवढे लांब कशाला जायचे? मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर रोज पाहणाऱ्यांना ‘गॉथिक’ समजावून सांगावे लागत नाही. इंग्रज वास्तुकार जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने भारतात पाऊलही न ठेवता त्याचा आराखडा केला आणि १८७८ साली तो पुरा झाला. बोरीबंदरचे स्थानकही त्याच जातीचे.

प्रतिसाद ३ (पुन्हा):
स्थानकाचे उदाहरण घाईचे आहे. त्याचा वास्तुकार फ्रेडरिक स्टीव्हन्सने त्यावर भला मोठा घुमट बसवला आहे, आणि घुमट हे काही गॉथिकचे लक्षण नव्हे.

प्रतिसाद ६ (पुन्हा):
घुमट आहे म्हणून कमानी टोकदार राहत नाहीत काय? २००४ साली युनेस्कोने त्या इमारतीस जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो व्हिक्टोरियन गॉथिकचा नमुना म्हणूनच. आपण एकदा फलाटाकडे न जाता समोरच्या पदपथावर उभे राहून ती पाहावी, मग बोलू.