मदत हवी: एकच पान सहा मिनी साइटवर कसं दाखवायचं? (वर्डप्रेस)

देगलूरनाका: संस्थेच्या सहा कॉलेजांच्या सहा मिनी साइट हैत. रॅगिंगविरोधी समिती, फी परतावा, गोपनीयता धोरण ही पानं सगळीकडं सारखीच. एक ओळ बदलली की सहा ठिकाणी बदलत बसा. सिंक्ड पॅटर्न (एका जागी बदलला की सगळीकडं बदलणारा ब्लॉक) केला तर दुसऱ्या साइटवर दिसतच नाही. प्रवेश सुरू व्हायच्या आत पायजे. कोणतं प्लगइन टाकू?

मांजराकाठ: मल्टिसाइट (एकाच वर्डप्रेसवर सगळ्या साइट) आहे की सहा वेगळी इन्स्टॉलेशन? डाटाबेस एकच का?

उदगीरकर: वर्डप्रेस सोडून ड्रुपल घ्या, डोमेन मॉड्यूल टाका. पान एकच, कुठल्या डोमेनवर दाखवायचं तिथं टिक करा. विषय संपला.

मांजराकाठ: त्यांना प्रवेशाआधी पायजे, अन् तुम्ही घर पाडून बांधायला सांगायलाव.

कयाधू: मजकूर श्रीलिपीत (युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टात) असेल तर आधी युनिकोडमध्ये करून घ्या. जोडाक्षरं हातानं तपासा.

देगलूरनाका: युनिकोडच आहे हो! मल्टिसाइट, सबडोमेनवर.

मांजराकाठ: मग पॅटर्न दिसणारच नाही. मल्टिसाइटमध्ये युजरचं टेबल एक, पण पोस्टचं टेबल दर साइटला वेगळं. पॅटर्नसुद्धा आतून पोस्टच असतो.

मूळ पान मुख्य साइटवर ठेवा. छोटं प्लगइन लिहून नेटवर्क ॲक्टिव्हेट करा (म्हणजे सगळ्या साइटवर चालू), त्यात एक शॉर्टकोड (पानात चौकटी कंसात लिहायचा शब्द, त्या जागी मजकूर येतो): स्विच_टू_ब्लॉग(१) नं मुख्य साइटवर जा, स्लगवरून (पत्त्यातल्या नावावरून) पान काढा, स्टेटस पब्लिश आहे का बघा, मजकुरावर डू_ब्लॉक्स चालवा (ब्लॉकचं दिसणारं पान होतं), मग रिस्टोअर_करंट_ब्लॉगनं आपल्या साइटवर परत या. डू_ब्लॉक्स रिस्टोअरच्या आधीच. नाहीतर आतल्या पॅटर्नचा क्रमांक चुकीच्या साइटवर शोधला जातो. पान सापडलं नाही म्हणून मधूनच रिटर्न केलं अन् रिस्टोअर राहिलं, तर खालचा मेनू-फुटर मुख्य साइटचा येतो. आणखी एक: स्विच केल्यानं त्या साइटची प्लगइनं लोड होत नाहीत. फॉर्मचं प्लगइन फक्त मुख्य साइटवर चालू असेल तर फॉर्मऐवजी चौकटी कंसातला शॉर्टकोड तसाच छापला जाईल.

पैठणगेट: एवढा कोड कशाला? ब्रॉडकास्ट प्लगइन आहे की. पान सेव्ह केलं की सगळीकडं जातं.

मांजराकाठ: जातं, पण प्रत म्हणून. कॉलेजच्या क्लार्कनं त्या प्रतीत काही बदललं, की मूळ पान पुढच्या वेळी सेव्ह होताच ते पुसलं जातं.

पैठणगेट: मग क्लार्कला एडिटचा अधिकार देऊ नका. कोड लिहिणारा उद्या गेल्यावर सांभाळणार कोण?

औंढारोड: दोघंही थांबा. समितीचं पान सारखं कसं? यूजीसीच्या २००९ च्या विनियमांप्रमाणे समिती दर संस्थेची वेगळी, प्रमुख म्हणून त्याच संस्थेचा प्रमुख. नियमांचा मजकूर शॉर्टकोडनं आणा, त्याच पानावर खाली नावांचा तक्ता त्या-त्या कॉलेजला भरू द्या. सहा साइटवर एकाच प्राचार्यांचं नाव झळकलं तर निस्तरणार कोण? फी परतावा, गोपनीयता धोरण मात्र खुशाल एकच ठेवा. त्यांना कॅनॉनिकल टॅग (मूळ पान कोणतं हे सर्च इंजिनला सांगणारा) मुख्य साइटचा द्या.

देगलूरनाका: नावं वेगळीच हैत की, ते सांगायचं राहिलं. शॉर्टकोड लावला. पाच साइटवर बरोबर, हिंगोलीवाल्या साइटवर जुनाच मजकूर दिसायलाय.

मांजराकाठ: पेज कॅश, म्हणजे पानाची साठवलेली जुनी प्रत. मुख्य साइटवर सेव्ह केल्यानं सबडोमेनचा कॅश साफ होत नाही. आत्ता हातानं पर्ज (साफ) करा. कायमचं करायचं तर सेव्ह_पोस्टच्या हुकवर (पान सेव्ह होताच चालणाऱ्या कोडात) सहाही साइटचे ते यूआरएल पर्ज करायला लावा. कॅश प्लगइनचा आहे की सर्व्हरचा?