इंद्रियदमन आपल्या प्रयत्नानं येतं की ते देवाच्या पवित्र आत्म्याचं फळ?

जालनेकर:
रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी बायबलमधल्या पेत्राच्या दुसऱ्या पत्रावर (२ पेत्र १:५-७) उपदेश केला. विश्वासात सात्त्विकता, मग ज्ञान, इंद्रियदमन, धीर, सुभक्ती, बंधुप्रेम, प्रीती, अशी एकेकाची भर घालत जायची. त्यातलं 'होईल तितका प्रयत्न करून' आपण मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, घाईनं वाचून पुढं जातो. प्रार्थनेत डोळ्यांत पाणी, अन् घरी भाजी खारट झाली की ताट भिरकावायचं. मी भिरकावलंय. आता राग आला की उठून अंगणात जातो, शंभर पावलं मोजतो. ही सवय मला लावून घ्यावी लागली.

परभणीचा वाचक:
असहमत. पौलाच्या गलतीकरांस पत्रात (५:२२-२३) सहनशीलता, इंद्रियदमन हे आत्म्याचं फळ म्हटलंय. कापसाला बोंडं आपण लावत नाही. शंभर पावलांनी हात आवरला जाईल, मनातल्या रागाचं काय?

जालनेकर:
बोंडं लावत नाही, पण खुरपणी तर करतोच ना? पेत्रही आधी तिसऱ्या वचनात सांगतो की सुभक्तीला लागणारं सगळं देवानं दिलंय. दिलंय, म्हणूनच प्रयत्न.

लातूरची लेक:
तुम्ही दोघं रागावर बोलताय, मला धीरावर बोलायचंय. आमच्या मंडळीतल्या एका ताईला नवरा दारू पिऊन मारायचा. ती मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालून उपासनेला यायची. सगळे म्हणायचे, 'धीर धर.' मूळ ग्रीक शब्द आहे हुपोमोने, म्हणजे ओझ्याखालीही विश्वासात टिकून राहणं. मार खात बसणं नव्हे. फटके मारायला बांधलं तेव्हा पौलानं आपलं रोमी नागरिकत्व पुढं करून तो मार टाळला (प्रेषित २२:२५). त्याला काय धीर नव्हता?
२०१६ ला दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात आम्ही घागरी घेऊन रांगेत तासन् तास उभे राहिलो. तो धीरच होता. पण म्हणून काही पाणी मागायचं सोडलं नव्हतं.

परभणीचा वाचक:
ताई, हे पटलं. तिला धीर शिकवला, मग नवऱ्याला इंद्रियदमन कुणी शिकवलं? आत्म्याशिवाय तो बदलणार नाही यावर मात्र मी ठाम आहे.

लातूरची लेक:
कुणीच नाही, हेच तर दुखतंय. शेवटी आम्ही दोघीजणी तिच्यासोबत पोलीस ठाण्यात गेलो. आता ती माहेरी आहे, नवऱ्यासाठी रोज प्रार्थना करते. जालनेकर दादा, तुमच्या अंगणातल्या शंभर पावलांचं त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं. तुम्ही सांगाल का?

जालनेकर:
सांगतो. नंबर पाठवा.