तुर्की ग्युवेच घरी करायचंय: मटण शिजेपर्यंत वांग्याचा लगदा होतो

जुळे_सोलापूरची_सून

नमस्कार मंडळी. माझे सासरे ७८ वर्षांचे, वरखाली दोन्ही कवळ्या. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. दिवाळीनंतर पोटाचा त्रास झाला आणि डॉक्टरांनी तिखट, काळा मसाला दोन्ही बंद केलं. जन्मभर रविवारी मटणाचा रस्सा आणि त्यात कुस्करलेली कडक भाकरी खाल्लेला माणूस. अळणी सूप पुढे ठेवलं की दोन घास खातात आणि उठतात.

तुर्कस्तानच्या ग्युवेचचा व्हिडिओ बघितला. मातीच्या भांड्यात मटण, वांगं, बटाटा, ढोबळी, टोमॅटो, सगळं मंद आचेवर आणि तिखट नावालाच. वाटलं, हे अण्णांना चालेल. अर्धा किलो बोकडाचं मटण आणलं, भाज्या चिरल्या, सगळं एकदम भांड्यात घालून दोन वाट्या पाणी ओतलं आणि गॅसवर चढवलं. दीड तासाने वांगी विरघळलेली, वर पातळ पाणी, मटण मात्र चिवटच. कुंभार वेशीतून आणलेलं नवं भांडंही तळाशी तडकलं.

अण्णा काही बोलले नाहीत. जेवण झाल्यावर ताट उचलायला गेले तर न चावलेले तुकडे त्यांनी ताटाच्या कडेला ओळीने लावून ठेवले होते. तेव्हापासून डोक्यातून जात नाही. मटण आणि भाज्यांची वेळ कशी जुळवायची? भांडं तडकू नये म्हणून काय करतात? आणि त्यांची ती टोमॅटो-मिरचीची घट्ट पेस्ट, तिच्याऐवजी इथे काय वापरू? घरात ओटीजी आहे.

टॉवेलवाला_अक्कलकोट_रोड

ताई, २०१३ साली टॉवेलच्या मागांचं काम शिकायला मी चार महिने तुर्कस्तानात देनिझलीला होतो. टॉवेलसाठी ते गाव आपल्या सोलापूरसारखंच नावाजलेलं. कारखान्यातला आचारी आठवड्यातून एकदा हे करायचा आणि मी त्याच्या शेजारी उभा राहून बघायचो. त्याला माझी भाषा येत नव्हती, मला त्याची. पळीने ढवळायला गेलो की तो माझा हात धरायचा, एवढं मात्र पक्कं कळलं.

ग्युवेच हे मुळात भांड्याचं नाव, आपण हंडी म्हणतो तसं. त्यात बऱ्याच भाज्या पडल्या की तुर्लू, म्हणजे तऱ्हेतऱ्हेचं. आपली भोगीची भाजी आठवा, तीच कल्पना, फक्त मटणासकट.

तुमचं चुकलं ते पाण्यात आणि एकदम घालण्यात. तिकडे बहुतेक कोकराचं मटण, ते लवकर मऊ होतं. आपल्या बोकडाला वेळ लागतो, म्हणून त्याला आधी एकट्याला शिजू द्या. पुढच्या फऱ्याचं घ्या, थोडी चरबी राहू द्या. जाड बुडाच्या पातेल्यात तेल आणि चमचाभर लोणी, त्यात मटण परता. आधी पाणी सुटतं, ते आटतं, मग तळाला चर्र आवाज यायला लागतो. त्या आवाजापर्यंत थांबा. तुकडे तांबूस झाले की दोन कांदे, लसणाच्या अख्ख्या पाकळ्या, मीठ, अर्धी वाटी गरम पाणी, झाकण, आणि तासभर मंद आच. चमच्याने दाबल्यावर तुकडा दबला पाहिजे, फुटता कामा नये.

वांगं भरताचं घ्या. साल पट्ट्यापट्ट्यांनी काढायची, एक पट्टा काढला, एक ठेवला. मोठे तुकडे अर्धा तास मिठाच्या पाण्यात, मग कोरडे पुसून तेलात कडा लाल होईपर्यंत तळा. असं तळलेलं वांगं आकार धरून राहतं.

आता भांड्यात तळाला मटण, त्यावर बटाटा, घेवडा, ढोबळी, मग वांगं आणि सगळ्यात वर टोमॅटोच्या जाड चकत्या. वरून पाणी नाही. टोमॅटोचं पाणी झिरपत खाली मटणापर्यंत जातं, तोच त्याचा रस्सा. ढवळलंत की थर मोडले आणि लगदा झाला.

पेस्टला ते साल्चा म्हणतात. उन्हाळा सरताना टोमॅटो आणि लाल मिरच्यांचा गर परातीत पसरून गच्चीवर ऊन देतात, आपल्याकडे कुरडया घालतात तसं. तुम्ही चार टोमॅटो किसून तेलात गोळा होईपर्यंत आटवा, आणि एक ब्याडगी मिरची बिया काढून, भिजवून, वाटून त्यात घाला. रंग येतो, अण्णांना झोंबणार नाही. मग मिरी आणि चिमूटभर ओरेगानो, पिझ्झाबरोबर मिळते ती पुडी चालेल. हळद नको, गरम मसाला तर नकोच.

सोबत तिथे बुलगुर असतो, उकडून वाळवून भरडलेला गहू. अण्णांना भाकरीच द्या.

मंगळवार_पेठ_काकू

भांड्याचं मी सांगते, माझं माहेर कुंभाराचं. नवं भांडं रात्रभर पाण्यात बुडवून ठेव. बुडबुडे यायचे थांबले की भांडं पाणी प्यायलं असं समज. मग त्यात तांदळाची पेज बारीक आचेवर एकदा उकळून गार होऊ दे. ओटीजी आधी तापवायचा नाही, थंड ओव्हनमध्ये थंड भांडं ठेवून मगच बटण फिरव. गॅसवर करणार असशील तर खाली जाड तवा हवाच. आणि बाहेर काढल्यावर गार ओट्यावर टेकवू नकोस, फडक्याची चुंबळ कर. झाकणाची फट कणकेने लिंप.

मटणाला मात्र तासभर गॅस कशाला जाळायचा? कुकरला तीन शिट्ट्या दे की.

टॉवेलवाला_अक्कलकोट_रोड

काकू, कुकर चालेल. परतून झाल्यावरच लावा आणि आत राहिलेलं पाणी टाकू नका, आटवून त्याच मटणावर घाला. सगळी चव त्यात असते.

जुळे_सोलापूरची_सून

आज केलं. नवं भांडं काकूंनी सांगितल्यासारखं भिजवलं, पेज उकळली. कुकर लावला नाही, पातेल्यातच तास काढला, कारण शिट्ट्यांचा अंदाज चुकला तर पुन्हा तेच होईल अशी धास्ती होती. मग थर लावून १६० अंशांवर सव्वा तास. कणीक खरपूस भाजली होती, सुरीच्या टोकाने फोडली तर आतून वाफेबरोबर ढोबळीचा आणि लसणाचा वास आला. वरच्या चकत्या सुरकुतलेल्या, कडेने लाल तेल, वांग्याचे तुकडे अख्खे.

अण्णांनी आधी नुसता रस्सा चमच्याने घेतला. मग म्हणाले, "भाकरी आण." कुस्करून खाल्ली आणि दुसऱ्यांदा वाढायला सांगितलं. ताटाच्या कडेला काही नव्हतं.

टॉवेलवाले दादा, व्हिडिओत भेंडीही होती. इथे घातली तर तार सुटेल का?

टॉवेलवाला_अक्कलकोट_रोड

करंगळीएवढी कोवळी घ्या, देठ शंकूसारखा तासा, भोक पडू देऊ नका. लिंबाच्या पाण्यात अर्धा तास ठेवून निथळा आणि शेवटच्या वीस मिनिटांत वरून ठेवा. कणकेने लिंपणार असाल तर त्या दिवशी लिंपू नका, नुसतं झाकण ठेवा.